मागून रेटा, पुढे बघा

मेट्टुपालयमहून उटीला बस दोन तासांत पोचते. ड्रायव्हर जरा मनस्वी असला तर त्याआधीही. तोच डोंगर चढायला निलगिरीची रेल्वे पाच तासांना जेमतेम दहा मिनिटं कमी घेते. मार्ग ४६ किलोमीटरचा, म्हणजे भागाकाराला कागद लागत नाही; सरासरी ताशी दहासुद्धा पडत नाही. एवढ्या वेळात मुंबईचा माणूस पुण्याला जाऊन, जेवून, पुण्याला नावं ठेवून परतीच्या वाटेला लागलेला असतो. तरीही या गाडीचं आरक्षण उघडलं रे उघडलं की संपतं, आणि ज्यांना तिकीट मिळतं ते लग्न ठरल्यासारखं नातेवाइकांना कळवतात.

यात निम्मे लोक असे, की रोजची फास्ट लोकल चार मिनिटं उशिरा आली तर रेल्वे खात्याच्या सात पिढ्या उद्धरतात. इथे तेच खिडकीतून मान बाहेर काढून म्हणतात, "जरा हळू घ्यायला पाहिजे होती हो, फोटो हलला."

ही रेल्वे मुळात कुठल्याच बाबतीत घाईतली नव्हे. डोंगरात असा मार्ग टाकावा असा प्रस्ताव आला १८५४ साली. काम सुरू झालं १८९१ मध्ये. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत पोचली आणि उटी गाठायला १९०८ उजाडलं. प्रस्तावापासून उटीच्या पहिल्या गाडीपर्यंत चौपन्न वर्षं. आमच्या सहलीतल्या चिपळूणच्या मावशींना हा हिशेब सांगितला, तेव्हा त्यांनी मुंबई-गोवा महामार्गाचं स्मरण करून उसासा सोडला आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून आशा आहे म्हणायची."

२००५ मध्ये युनेस्कोने हिला दार्जिलिंगच्या शेजारी जागतिक वारशाच्या पंगतीत बसवलं. वारसा म्हटला की आपल्याकडे भाऊबंदकी आलीच. इथे ती खिडकीवरून होते.

आमची वरात कुर्ल्याहून कोईमतूरला आणि तिथून सहलीच्या बसने मेट्टुपालयमला आलेली. गाडी सुटते सकाळी सातच्या पुढे, म्हणून टूर मॅनेजरने पहाटे चारला दारं वाजवली. मराठी पर्यटकाला पहाटे चारला उठवणं अवघड नाही. गरम पाण्याशिवाय बाहेर काढणं अवघड आहे. हॉटेलच्या गिझरने तिसऱ्या बादलीला मान टाकली, आणि त्यानंतर ज्यांची अंघोळ राहिली त्यांनी आपल्या पारोशेपणाची बातमी दिवसभर सर्वांना दिली. खरं तर कुणी विचारलं नव्हतं.

स्टेशनवर पोचलो तर इंजिन डब्यांपासून दूर उभं राहून वाफ सोडत होतं. निळ्या रंगाचं. गटातल्या मुलांनी एका सुरात "थॉमस!" म्हणून आरोळी ठोकली. डोंबिवलीच्या काकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. काका लहानपणी नेरळहून माथेरानला वाफेच्या गाडीने गेलेले. त्यामुळे निलगिरीत आपण केवळ तुलना करायला आलो आहोत अशी त्यांची समजूत होती. इंजिन म्हणजे काळं, कोळशाचं आणि डोळ्यात कण उडवणारं, हे त्यांनी आयुष्यभर घरादाराला सांगितलेलं. खास त्यासाठी त्यांनी एक पांढराशुभ्र रुमाल बरोबर आणला होता. परत गेल्यावर तो काळा झालेला नातवाला दाखवायचा होता.

"ही बरीचशी इंजिनं आता तेलावर चालतात काका," शेजारी उभा असलेला एक मुलगा म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानेच कोळशाच्या जागी तेल ओतलं.

हा मुलगा ठाण्याचा निघाला. गळ्यात कॅमेरा, खिशात वही, पाठीवर भलीमोठी सॅक. रेल्वेवेडा. असे लोक प्रत्येक जुन्या इंजिनाच्या आसपास सापडतात; ते कुठून येतात आणि नोकरी कधी करतात हे कळत नाही. त्याने आम्हाला न विचारता सगळं सांगून टाकलं. इंजिनाचा वर्ग एक्स. मूळची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या कारखान्यातली, नव्या जमान्यातली तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बनवलेली. चार सिलिंडर. सपाटीवर त्यातले दोनच राबतात. चढ लागला, की या दोघांनी वापरून सोडलेली वाफ वाया न घालवता उरलेल्या दोघांना देतात आणि तिच्यावर दातेरी चाकं फिरवतात.

"म्हणजे फोडणीची पोळीच की!" काकू म्हणाल्या. सगळं यंत्रशास्त्र त्यांच्या एका वाक्यात बसलं. त्या मुलाने वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं, हेच असावं.

मग गोंधळ झाला. गाडी लागल्या लागल्या आमच्यातले चपळ लोक इंजिनाच्या बाजूच्या डब्यात घुसले होते, कारण इंजिनाला लागून असलेला डबा पहिला असणार हे गणित प्रत्येक भारतीयाच्या रक्तात असतं. इंजिन हळूहळू मागे आलं, डब्याला टेकलं, जोडलं गेलं. आणि गाडी सुटणार त्याच्या विरुद्ध दिशेला, असं कळलं.

"अहो, इंजिन उलटीकडे लावलंय!" आमच्यातले एक गृहस्थ गार्डला सांगायला धावले. गार्डने हसून मान हलवली. शंभरावर वर्षं रोज कुणीतरी हे सांगायला धावत असणार, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाने असंच हसून मान हलवली असणार.

चढताना इंजिन मागे असतं आणि ते डबे वर ढकलतं. उतरताना तेच खालच्या बाजूला, म्हणजे पुढे. कारण सरळ आहे: मधली एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे इंजिनाच्या अंगावर येऊन थांबावेत, भवानी नदीत जाऊन थांबू नयेत. हे पटण्यासारखं आहे. पण पटल्यावरही मनाला चैन पडत नाही, कारण मग पुढे बघतं कोण? ड्रायव्हरला समोर दिसतो तो शेवटच्या डब्याचा पार्श्वभाग.

पुढे बघायला ब्रेक्समन असतो. प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला हातभर रुंदीचा सज्जा, त्यावर उभा एक माणूस, त्याच्या हाताशी ब्रेक आणि काखेत गुंडाळलेले दोन झेंडे. सगळ्यात पुढच्या डब्यावरचा माणूस रूळ बघतो. रुळावर दगड, गाय, हत्ती किंवा फोटो काढणारा पर्यटक नाही अशी खात्री झाली की हिरवा झेंडा बाहेर काढतो. मागचा तो बघून आपला काढतो, त्याच्या मागचा त्याचा बघून. वळणावर मान बाहेर काढली की डोंगराच्या कडेने एकामागून एक हिरवे झेंडे बाहेर येताना दिसतात आणि सरतेशेवटी ती बातमी ड्रायव्हरला पोचते. थोडक्यात, ज्याच्या हातात ताकद आहे त्याला पुढचं दिसत नाही, आणि ज्याला पुढचं दिसतं त्याला फक्त ब्रेक लावता येतो. काका सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांना ही व्यवस्था ऐकल्याऐकल्या समजली.

आमच्या डब्याचा ब्रेक्समन पन्नाशीचा असावा. त्याचं उभं राहणं बघत राहण्यासारखं होतं. एक पाय सज्ज्यावर, दुसऱ्याची टाच किंचित उचललेली, आणि डावा हात ब्रेकवर असा ठेवलेला, की जोर देतोय की नुसता टेकवलाय हे कळू नये. चाकांचा आवाज जरा बदलला की त्याचं मनगट हलायचं, मान हलायची नाही. आमच्यातल्या एकीने त्याला "सेल्फी?" म्हणून विचारलं तेव्हा त्याने उजव्या हाताने नकार दिला आणि डावा जागेवरच ठेवला. रील बनवणाऱ्या लोकांच्या त्या डब्यात स्वतःच्या कामाकडे बघणारा तो एकटा होता.

डबे लहान. भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवी बाकं, प्रत्येक दोन बाकांना बाहेरून स्वतंत्र दार, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही. एकदा बसलात की पुढचं स्टेशन येईपर्यंत जे समोर आलं ते तुमचं कुटुंब. गुडघ्याला गुडघा लागतो. संडास नाही. ही शेवटची बातमी टूर मॅनेजरने सगळ्यांचा दुसरा चहा पिऊन झाल्यावर दिली.

आमच्या कप्प्यात समोर एक तमिळ कुटुंब होतं. त्यातल्या आजींना मराठी, हिंदी, इंग्रजी यातलं काही येत नव्हतं, आणि काकूंना तमिळ. कल्लार स्टेशन येईपर्यंत या दोघींना एकमेकींच्या सुना किती वाजता उठतात हे माहीत झालं होतं. आजींनी केळीच्या पानातून पोडी लावलेली इडली दिली, काकूंनी पातळ पोह्यांचा चिवडा दिला. आजींनी चिवड्यातला कढीपत्ता हातात धरून पसंतीची मान डोलवली; शेंगदाण्यांबद्दल त्यांचं काही म्हणणं असावं, ते त्यांनी काकूंना समजावून सांगितलं आणि काकूंनी "हो ना, हल्ली चांगले मिळतच नाहीत" असं उत्तर दिलं. आम्ही पुरुषमंडळी मात्र हिंदी-इंग्रजी दोन्ही येत असून "यू फ्रॉम?" आणि "बॉम्बे, बॉम्बे" याच्या पुढे सरकलो नाही.

सुरुवातीचे सात-आठ किलोमीटर अगदी सपाट. भवानी ओलांडायची, सुपारीच्या बागा बघायच्या, आणि "एवढंच?" असं एकमेकांना विचारायचं. कल्लारला गाडी थबकली. रस्त्याकडेला तो ठाण्याचा मुलगा भाड्याच्या मोटरसायकलवर बसलेला. हा गाडीत नव्हताच! आम्ही ओरडून विचारलं, "तिकीट नाही मिळालं का रे?" त्याने मान हलवून कॅमेरा डोळ्याला लावला. आम्हाला त्याची दया आली. एवढा अभ्यास, एवढं सामान, आणि बिचाऱ्याला गाडीत जागा नाही. काकूंनी खिडकीतून त्याच्यासाठी चिवड्याची पुडीसुद्धा हलवून दाखवली.

कल्लारच्या पुढे रुळांच्या मधोमध आणखी काहीतरी सुरू होतं. शेजारीशेजारी उभ्या दोन पोलादी पट्ट्या, दोन्हींना दाते, आणि एकीचा दाता जिथे येतो तिथे दुसरीची खाच येईल अशी मांडणी. रोमन आब्ट नावाच्या स्विस इंजिनिअरची ही युक्ती. इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक या पट्ट्यांना पकडतं, आणि कुठलाही क्षण घेतला तरी कुठला ना कुठला दाता घट्ट धरलेला असतो. इथून कुन्नूरपर्यंत चढ असा, की जागोजागी दर बारा-साडेबारा फुटांमागे गाडी एक फूट वर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं. नुसत्या गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक अशा चढाला जागच्या जागी फिरत राहील. दाते लागताना डब्याला एक हलका हिसका बसतो, आणि मग पायाखालून एक संथ, खरखरीत, कुणीतरी मोठ्या रहाटाने पाणी ओढतंय असा आवाज सुरू होतो तो वरपर्यंत. इंजिन मागे फुसफुसत नाही, अक्षरशः धापा टाकतं. ऐकणाऱ्याला आपण थोडं वजन कमी करायला हवं होतं असं वाटू लागतं. मावशींनी उघडलेला लाडवाचा डबा परत बंद केला.

वाटेत सोळा बोगदे. बोगद्यात गाडी शिरली की ओरडायचं हा नियम कुठल्या कायद्यात आहे ठाऊक नाही, पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तो पाळला जातो. पहिल्या बोगद्यात मुलं ओरडली, दुसऱ्यात त्यांचे बाप, तिसऱ्यापासून सगळेच. मधल्या एका अंधारात काकांचा आवाज आला, "माथेरानला एकच बोगदा होता. वन किस टनेल म्हणायचे. इथे सोळा आहेत."

"गप्प बसा," काकूंचा आवाज आला.

उजेडात आलो तेव्हा दोघंही विरुद्ध खिडक्यांतून अतिशय एकाग्रतेने निसर्ग बघत होते. तमिळ आजी गालातल्या गालात हसत होत्या. म्हणजे मराठी येत असावं.

बोगद्यातून बाहेर आलं की लोक 'दिल से'मधलं ते टपावरचं गाणं मोबाइलवर लावतात. १९९८ साली या गाडीच्या टपावर शाहरुख खान आणि मलायका अरोरा नाचले, आणि त्या दिवसापासून या रेल्वेला तिच्या खऱ्या इतिहासातून सुट्टी मिळाली. आमच्या डब्यात तीन वेगवेगळ्या मोबाइलांवर ते गाणं तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतं. खिडकीबाहेर दरीत हजार-दोन हजार फूट खोल जंगल, कड्यावरून सुटलेले पाण्याचे धागे, आणि आत प्रत्येकाचा अंगठा पडद्यावर. मी स्वतः या सगळ्यांपेक्षा वेगळा असतो तर इथे ते आवर्जून लिहिलं असतं.

मग हिलग्रोव्ह. या मार्गावरच्या स्टेशनांची नावं साहेबाने मायदेशाच्या आठवणीने ठेवलेली: ॲडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड. ज्या मूळ रनीमेडला १२१५ साली राजाकडून मॅग्ना कार्टा कबूल करून घेतला, त्याचं नाव इथे इंजिनाच्या पाण्याच्या थांब्याला. कुणाचे हक्क कुठे मान्य होतील सांगता येत नाही. हिलग्रोव्हलाही गाडी थांबते ती मुख्यतः पाणी प्यायला. इंजिनाच्या पाण्यासाठी म्हणून थांबलेल्या गाडीतून माणसं मात्र त्याच्या बरोबर उलट कामासाठी धावत सुटली. टूर मॅनेजरने चहानंतर दिलेल्या बातमीचा हा परिणाम.

ते उरकल्यावर सगळ्यांचा मोर्चा इंजिनाकडे वळला, आणि इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तास दीड तास आम्ही वाफेच्या गाडीत बसलो होतो, पण वाफेची गाडी एकानेही पाहिली नव्हती. पाहणार कशी? ती आमच्या पाठीमागे होती. धूर मागे, वाफ मागे, आवाज मागे. तीव्र वळणावर अर्धं इंजिन क्षणभर दिसायचं, तेवढ्यात सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर यायचे आणि फोटोत इंजिनाऐवजी पुढच्या खिडकीतले हात यायचे. त्यामुळे पाण्याच्या त्या थांब्यात लोकांनी जो हल्ला चढवला तो बघण्यासारखा होता. फायरमन नळाचं तोंड टाकीत सोडून उभा, आणि त्याच्या भोवती माणसं इंजिनाला टेकून, इंजिनाला कवेत घेऊन, इंजिनाकडे पाठ करून. हो, पाठ करूनच. सेल्फीत दुसरा उपायच नाही. आयुष्यभर ज्या इंजिनासाठी झुरलो ते समोर आलं आणि आम्ही पाठ फिरवून स्वतःकडे बघत बसलो.

काका मात्र इंजिनाला हात लावून उभे राहिले. पांढरा रुमाल खिशात तसाच होता. चाकाजवळच्या दांड्याला कोपर लागलं आणि शर्टाच्या बाहीवर पंजाभर काळं तेल उमटलं. काकूंनी ते पाहून कपाळाला हात लावला. काका इतके खूश झाले, की त्यांनी बाही घडी करून आत वळवली. पुसली जाऊ नये म्हणून.

तिकडे फलाटावर माकडांचा कारभार सुरू झाला होता. हिलग्रोव्हची माकडं अनुभवी आहेत. बिस्किटांच्या पुड्याकडे ती ढुंकून बघत नाहीत. माणूस काय जपून धरतो ते आधी पाहतात. आमच्यातल्या एका पुणेकरांनी बाकरवडीचं पाकीट छातीशी धरलेलं पाहिलं आणि निर्णय झाला. पाकीट गेलं. माकडाने छपरावर बसून ते फोडलं, एक बाकरवडी चावली, थांबलं, उरलेली हातात फिरवून बघितली आणि मग संपूर्ण पाकीट संपवलं. पुणेकर खाली उभे राहून हे सगळं बघत होते. चेहऱ्यावर दुःख होतं, पण अभिमान लपत नव्हता.

पुढचा प्रवास चढाचा, धुक्याचा आणि पेंगण्याचा. चहाचे मळे सुरू झाले की लोक एकदा "अहाहा" म्हणतात आणि डोळे मिटतात.

कुन्नूर हे वाफेचं शेवटचं स्टेशन. इथे इंजिन सुटतं आणि उटीपर्यंतच्या उरलेल्या मार्गाला डिझेल लागतं. फलाटावर तो ठाण्याचा मुलगा आमच्या आधी पोचून चहा पीत बसला होता. त्याने कॅमेऱ्याचा पडदा आमच्यापुढे धरला. भवानीच्या पुलावर गाडी, खाली पाण्यात तिची सावली. कल्लारला सुपारीच्या झाडांतून वर चढणारा पांढरा लोट. शेवटी एक लांबून घेतलेला फोटो, हिरव्या डोंगरावर निळ्या-पिवळसर डब्यांची रांग आणि तिला खालून रेटणारं इंजिन, वाफेचा झुपका आभाळात अर्ध्यावर. आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. "ही आपलीच गाडी?" मावशींनी विचारलं. त्याने फोटो मोठा करून दाखवला. खिडकीत आम्ही होतो. झाडून सगळे मोबाइलमध्ये डोकं घातलेले.

आता दया कुणी कुणाची करायची, हा प्रश्न कुणी काढला नाही. काकूंनी मुकाट्याने चिवड्याची पुडी त्याला दिली.

इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरून चिंध्यांनी हात पुसत होता. काका त्याच्यापाशी गेले. मराठी माणूस कुठल्याही वाहनाच्या मालकाला, चालकाला किंवा नुसत्या टेकून उभ्या असलेल्या माणसाला जो प्रश्न विचारतो, तो त्यांनी विचारला. "ॲव्हरेज काय देते?"

ड्रायव्हरला हिंदी थोडं येत होतं. त्याला प्रश्न कळेना. काकांनी सविस्तर केलं, "एक लिटर में कितना किलोमीटर?"

ड्रायव्हर हसला. मग काकांच्या खांद्यावर, तेलाच्या डागाच्या बरोब्बर शेजारी, हात ठेवून म्हणाला, "सर, उलटा पूछो. एक किलोमीटर में कितना लिटर."

काका बराच वेळ गप्प होते. त्यांच्या वॅगनआरचा ॲव्हरेज सोळावर आला म्हणून त्यांनी मागच्या महिन्यात गॅरेजवाल्याशी अबोला धरला होता.

डिझेल लागलं आणि गाडी सुटली. आमच्यातल्या निम्म्या लोकांना बदल कळलाही नाही. एकजण तर उटीपर्यंत "वाफेचा वास काही औरच" म्हणत होते. वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टीचं खोरं हे सगळं छान आहे, पण चहाच्या मळ्यांचं कौतुक करायची ताकद संपलेली असते आणि पोटात कावळे ओरडत असतात. लव्हडेल स्टेशनाच्या पाटीखाली दोन नवदांपत्यांनी फोटो काढून घेतले. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पाटी वाचून दाखवली आणि म्हणाले, "स्पेलिंग बरोबर आहे."

उटीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जेवलो, चॉकलेट घेतलं, सगळ्यांनी एकाच दुकानातून निलगिरीचं तेल घेतलं आणि बसमध्ये बसलो. बस आमचं सामान घेऊन सकाळीच वर आली होती. तिचा ड्रायव्हर नाश्ता करून, जेवून, झोपून, परत चहा पिऊन ताजातवाना झालेला. आम्ही अंग मोडत चढताना त्याने टूर मॅनेजरला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मॅनेजरने भाषांतर करायचं टाळलं.

कुन्नूर मागे टाकून घाट उतरू लागलो तोच कुठूनतरी शिट्टी आली. दुपारची गाडी खाली निघाली होती. एका वळणावर झाडी फाटली आणि ती दिसली, डाव्या हाताला, आमच्यापेक्षा थोडी खाली. आता इंजिन पुढे. सगळं इंजिन, सगळे डबे, सज्ज्यांवरचे ब्रेक्समन, वळणावर मागे राहिलेली वाफ. सकाळपासून ज्यासाठी तडफडत होतो ते एकदाचं बाहेरून, अख्खं, एका नजरेत. बसमध्ये असा काही कल्लोळ उठला, की झोपलेली मुलं जागी झाली. उजवीकडचे सगळे डावीकडे आले. मावशी सीटवर चढल्या. काकांनी पुणेकरांच्या खांद्यावर हात रोवून मोबाइल वर धरला. गाडीतले लोकही खिडक्यांतून हात काढून आमचे फोटो काढत होते. त्यांना इंजिन दिसत नव्हतं, त्याचा राग ते आमच्यावर काढत असावेत.

बस एका बाजूला कलली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि दोन तमिळ वाक्यं एवढ्या जोरात सुनावली, की रेल्वेची शिट्टीसुद्धा त्यात बुडाली.

"काय म्हणतायत ते?" काकूंनी विचारलं.

या वेळी मॅनेजरने भाषांतर केलं. "ते म्हणतायत, सगळे त्या बाजूला असेच उभे राहिलात, तर आपण त्या गाडीच्या आधी खाली पोचू. सरळ."